परत आलेलं वाण

साबण विकायला निघालेला माणूस तो आधी चाखून दाखवतो, हे देवासच्या बाजारानं कधी पाहिलं नव्हतं. जगदेवराव दुकानाच्या पायरीशी उभे राहत. पागोटं सारखं करत. उपरण्याच्या गाठीतून वडी काढत, चाकूनं तिचा पापुद्रा सोलत आणि जिभेवर ठेवत. डोळ्यांत पाणी येई, पण तोंड वाकडं होऊ देत नसत.

"गाईची चरबी असती तर जिभेला लावली असती का, शेठ?"

शेठ तागडी खाली ठेवून हसत. "रावसाब, यो साबण खाने को है के नहाने को?"

दुकानासमोरची माणसंही हसत. जगदेवराव हसत नसत. उपरण्याच्या टोकानं जीभ पुसून ते पुढच्या दुकानाकडे वळत.

त्यांना हसू न येण्याला कारण होतं. ते मूळचे धारचे. तिथे एका सरदारांकडे ते कारभारी होते. देवघराची वस्त्रं, सणावारांचे शेले, दुशाले, सगळं त्यांच्या ताब्यात. एका दसऱ्याला त्यांनी महूच्या छावणीतून आलेला पांढराशुभ्र विलायती साबण धोब्याला दिला. कुलस्वामिनीचा शालू लख्ख निघाला. सरदारांच्या आईसाहेबांनी तोंड भरून कौतुक केलं. मग भर पंगतीत एका पाहुण्यानं सहज सांगितलं, की त्या साबणात गुरांची चरबी असते. सगळ्यांचे हात ताटात थांबले.

शालू तळ्यात सोडला. देवीची शांत झाली. जगदेवरावांनी प्रायश्चित्त घेतलं. नोकरीवरून त्यांना कुणी काढलं नाही, फक्त देवघराच्या किल्ल्या मागून घेतल्या. ते त्यांना सोसवलं नाही. पागोटं बांधून ते निघाले ते बायकोच्या माहेरी, देवासला आले.

देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एक महाराज, त्या अंगाला दुसरे. जगदेवरावांनी दोन्हीकडे चाकरी मागितली नाही. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. देवघरात नेता येईल असा साबण करायचा. मग धारचे लोक स्वतः मागवतील.

उमाबाईंनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. विचारलं काही नाही.

मोहाच्या बियांचं तेल घाटाखालचे भिल्ल आणून देत. त्यात सज्जीखार आणि चुन्याची निवळ घालून परसात कढई चढे. पण तेल शुद्ध असून भागत नव्हतं. ब्राह्मणांच्या घरी साबण जायचा तर पाणी कुणी भरलं, कढईला हात कुणी लावला, हे आधी विचारणार. म्हणून जगदेवरावांनी पाण्याला ब्राह्मण पाणक्या ठेवला आणि कढईवर ब्राह्मण आचारी. आचारी सोवळं नेसून साबण ढवळी. कुंपणावरून शेजारी विचारी, "क्यों महाराज, बुंदी कब पड़ेगी?"

तेलाला उग्र दर्प होता. तो जावा म्हणून त्यात कापूर घातला. वडीवर तुळशीवृंदावनाचा ठसा उठवला. तो लाकडी ठसा उज्जैनजवळच्या भैरूगडच्या छिप्यानं कोरून दिला होता. कापडावर पानंफुलं छापणारा माणूस. साबणासाठी ठसा हवा म्हटल्यावर तोही हसला होता.

साबण झाला. पण खपेना. शेठनं खरं काय ते सांगून टाकलं. "भिया, मैं तो रख लूँ. पण मेरी घरवाली इसको चौखट के भीतर नी आने देगी. पेले लुगायों को मनाओ."

ते ऐकून रात्री उमाबाई म्हणाल्या, "बरोबर बोलला तो. बाजार तुम्ही हिंडलात. आता मी बघते."

"तू काय करणार? बाजारात उभी राहणार?"

"मी कशाला उभी राहू? बायका माझ्याकडे येतील. संक्रांत आलीच आहे. वाण म्हणून वडी देऊ."

जगदेवरावांना हसू आलं. वाणात कुणी साबण देतं? कंगवे देतात, कुंकवाच्या डब्या देतात. उमाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना मूल नव्हतं. बारशाला, डोहाळजेवणाला त्यांना आवर्जून कुणी बोलावत नसे. हळदीकुंकू तेवढं त्यांच्या हक्काचं होतं. तिथे मुलं विचारत नाहीत. कपाळावर कुंकू असलं की पुरतं. ती एकच जागा त्यांच्यापाशी होती, आणि तीच त्यांनी नवऱ्याच्या साबणासाठी पुढे केली. हे जगदेवरावांना फार पुढे कळलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी ते माजघराच्या दाराआड बसून होते. दोन्ही पात्यांच्या बायका आल्या. शेवटी फडणिसांच्या जमुनाबाई आल्या. थोरल्या पातीत जमुनाबाईंच्या सोवळ्याचा दरारा होता. विलायती साखर त्यांच्या उंबऱ्याबाहेर थांबे. त्यांनी उमाबाईंना परकर नेसण्याच्या वयापासून पाहिलं होतं.

"हे काय गं, उमे? बर्फी?"

"साबण आहे, माई."

पुढे झालेले दोन-चार हात मागे गेले. कुणीतरी म्हणालं, "अगबाई! वाणात साबण?"

"पाणी कुणाच्या हातचं?" जमुनाबाईंनी विचारलं.

"तुमच्याच घरी भरतो त्या पाणक्याचं."

"आणि कढईवर कोण?"

"तुमच्या नातवाच्या मुंजीतला आचारी."

"तो? मेल्याचे लाडू असे झाले होते की बटूनं भिक्षेत घ्यायच्या ऐवजी कुत्र्यावर फेकले असते." बायका खुदखुदल्या. जमुनाबाईंनी वडी नाकाशी नेली. "कापूर आहे. देवाचा वास आहे हो." मग वडी पदरात टाकून त्या म्हणाल्या, "लाडू नाही जमले त्याला. साबण तरी जमू दे."

दाराआड जगदेवरावांनी डोळे मिटले. जमुनाबाईंनी घेतली म्हटल्यावर सगळ्यांनी घेतली. बरोबर त्यांची सून कुसुमावती होती. तिनं दोन्ही हातांनी घेतली.

त्यानंतर घराघरांतून निरोप येऊ लागले. शेठ आपणहून ओट्यावर येऊन बसला. बाजारात नवं वाक्य निघालं, "साबण लागतो थोरल्या पातीत, फेस येतो धाकट्या पातीत." जगदेवरावही हसले. धारच्या आईसाहेबांकडे वड्या पाठवायच्या, असं त्यांनी मनाशी ठरवलं. एवढ्यात नको. जरा नाव होऊ दे.

माघ संपत आला आणि उंदीर पडू लागले.

गाठीचा ताप आधी धान्यबाजारात आला, मग रस्ता ओलांडून पलीकडे गेला. दोन राज्यांच्या हद्दीची त्याला अडचण झाली नाही. लोक घरांना कुलपं लावून माळावर झोपड्या बांधून राहिले. ज्याच्या त्याच्या गळ्यात कापराची पुरचुंडी. हवेला कापराचा आणि चितेचा असा एकच वास येई. जमुनाबाईंनी देवघर सोडायला नकार दिला. त्या तिथेच गेल्या.

जगदेवराव माळावर समाचाराला गेले. फडणिसांचा मुलगा लाकडं मिळवायला गेला होता. कुसुमावती झोपडीच्या दाराशी पदर ओढून उभी राहिली.

"काका, एक सांगू? सासूबाईंनी ती वडी वापरलीच नव्हती. देवघराच्या फळीवर ठेवली होती. म्हणाल्या, मला शेवटचं न्हाऊ घालाल तर उमेच्या साबणानं घाला. या दिवसांत दुसऱ्या कशाचा भरवसा नाही. आम्ही तसंच घातलं. तुमच्या जिवाला बरं वाटेल म्हणून सांगितलं."

जगदेवराव घरी येईपर्यंत रडत होते. ते रडणं सगळंच दुःखाचं नव्हतं.

उन्हं तापली तसा ताप ओसरला. लोक परतले. घरं चुन्यानं पांढरी झाली. पण साबण कुणी विचारेना. घरोघरी सुतक होतं, हातात काही नव्हतं. कढई थंड होती. तेव्हा जगदेवरावांनी इंदूरच्या एका साप्ताहिकाला कळवलं की देवासला देशी साबणाचा कारखाना आहे, येऊन पाहावा. साप्ताहिकाचे बातमीदार दत्तोपंत टांग्यानं आले. अंगावर धूळ, चेहऱ्यावर कंटाळा.

जगदेवरावांनी त्यांना कढई दाखवली, ठसा दाखवला. वडीचा पापुद्रा सोलून जिभेवर ठेवला.

"चाखा ना."

"नको, राव. मी जेवून आलोय." दत्तोपंत बैठकीवर टेकले. "आता खरं सांगतो. जो तो बोलावतो. उज्जैनला एकानं देशी काडेपेटी दाखवली. पेटी फार सुंदर होती. काडी पेटली नाही. दुसऱ्याची शाई. ती वाळेचना. शुद्ध आहे, देशी आहे, हे सगळेच म्हणतात. तेच मी किती वेळा लिहू?"

"पण हा साबण सोवळ्यात चालतो."

"कोण म्हणतं? तुम्ही म्हणता."

"देवासात कुणालाही विचारा."

"इंदुरात देवासला कोण विचारतो?" दत्तोपंतांनी जोडा पायात सरकवला. "वाचणाऱ्याच्या मनाला भिडेल असं काही असेल तर सांगा. नाहीतर दोन ओळी टाकतो. काळजी करू नका."

दोन ओळी. जगदेवरावांना धारचा तो शालू तळ्याच्या पाण्यात फुगून बुडताना दिसला. आईसाहेब दोन ओळी वाचणार नव्हत्या.

"एक आहे," ते म्हणाले.

माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. जगदेवरावांनी ऐकलं. त्यांनी फडणिसांचं नाव घेतलं. जमुनाबाईंचं सोवळं सांगितलं. मग दाराची कडी वाजली, एकदा हळू, मग जोरात. त्यांनी आवाज चढवला. देवघरातली फळी सांगितली, शेवटची इच्छा सांगितली, शेवटचं न्हाणं सांगितलं.

दत्तोपंतांनी जोडा काढला आणि खिशातून पेन्सिल काढली. "पुन्हा सांगा. सावकाश."

अंक आला तो जगदेवरावांनी ओट्यावर उभं राहून उघडला. अर्धा रकाना भरून मजकूर होता. आत जाऊन त्यांनी उमाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. 'देवासच्या थोरल्या पातीतील फडणीस घराण्यातील सौभाग्यवती जमुनाबाई गाठीच्या तापाने निवर्तल्या, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांस अंतिम स्नान या साबणाने घालण्यात आले. पावित्र्याचा याहून मोठा दाखला तो कोणता?'

"बघ. नाव ठेवायला कुठे जागा आहे?"

उमाबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "मी कडी वाजवली होती."

"ऐकली मी."

"आता हा साबण कुणाच्या न्हाणीत जाईल?"

"म्हणजे?"

"अहो, मेलेल्या बाईच्या अंगाला लागलेला साबण जिवंत सवाष्ण अंगाला लावेल?"

"तीच वडी थोडीच आहे ती!"

"वाण तेच आहे," उमाबाई म्हणाल्या.

सकाळी सडा घालायला त्या बाहेर गेल्या आणि परत आल्या नाहीत. जगदेवराव बघायला गेले. ओट्यावर एक वडी होती. वृंदावनाचा ठसा अजून जसाच्या तसा. उमाबाई हातात शेणाच्या पाण्याचं भांडं घेऊन तिच्याकडे बघत उभ्या होत्या. वाण परत करायची रीत नाही. शत्रूच्या घरचंही वाण कुणी परत करत नाही. पण वड्या येत राहिल्या. कधी अर्धी झिजलेली, कधी कोरी. कोण ठेवून जातं ते दिसत नसे. एक वडी केळीच्या पानावर आली. तिच्यावर हळद होती, कुंकू होतं आणि बाजूला कापलेलं लिंबू. उतारा होता तो. गावात बोललं जाऊ लागलं होतं, की उमाबाईंनी वाण वाटलं आणि मागोमाग गाठ आली. त्या दिवशी वाण घेतलेल्यांपैकी आणखीही कुणी कुणी तापात गेल्या होत्या. ज्या जगल्या त्यांचं कुणी बोलत नव्हतं.

जगदेवराव फडणिसांकडे गेले. जमुनाबाईंचा मुलगा दारातच आडवा उभा राहिला. आत या म्हणाला नाही.

"मी चांगल्या हेतूनं..."

"राव, माझ्या आईचं मढं विकलंत तुम्ही," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. आत कुसुमावती होती. ती पुढे आली नाही.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू सुरू झालं. उमाबाईंनी एके दिवशी दुपारीच हिरवं लुगडं नेसलं आणि ओसरीच्या खांबाशी बसल्या. बायका रस्त्यानं जात होत्या. ओटीत भिजवलेले हरभरे, हातात डाळ-पन्ह्याची भांडी. त्या शेजारच्या दारी हाक मारत, पलीकडच्या दारी मारत. या घरापाशी आल्या की बोलणं थांबे. घर मागे पडलं की पुन्हा सुरू होई. दिवेलागणीला उमाबाई उठल्या. लुगडं बदलून त्यांनी चूल पेटवली. जगदेवरावांना जेवण गेलं नाही. त्या जेवल्या.

आचारी आधीच निघून गेला होता. मुंजीची बोलावणी बंद होतील म्हणाला. पाणक्याही गेला.

मग तुकाराम आला. स्मशानाच्या वाटेवर त्याचं दुकान होतं. बांबू, सुतळी, कोरं कापड, मडकी. तो ओट्याखालीच उभा राहिला.

"रावसाहेब, राग मानू नका. लोक मागतात. पेपरातला तो साबण द्या म्हणतात. म्हाताऱ्या माणसांनी घरी सांगून ठेवलंय. तुम्ही द्याल तेवढा मी घेतो."

जगदेवरावांनी त्याला हाकलून दिलं. पावसाळाभर घरातलं एक एक भांडं बाजारात गेलं. दसऱ्याच्या सुमाराला त्यांनीच तुकारामाला निरोप पाठवला. वड्या बांधायला बसले तेव्हा उमाबाई समोर येऊन बसल्या. धारहून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी काही मागितलं.

"वृंदावन काढा त्याच्यावरचं."

दोघं चाकू घेऊन बसली. तुळशीची पानं खरवडली गेली, मग कट्टा, मग पणतीचा कोनाडा. ठसा चुलीत गेला. पुढच्या वड्या कोऱ्या निघाल्या. आता कढई जगदेवराव स्वतः ढवळत. पाणी कुणाच्याही हातचं चाले. तुकारामाच्या गिऱ्हाइकाला ती चौकशी नसते. साबण खपत होता, पूर्वी कधी खपला नव्हता इतका. वडी जिभेला लावून दाखवायची आता गरज उरली नव्हती. उमाबाईंनी देवापुढे कापूर लावणं बंद केलं. तेलवातीवर आरती करू लागल्या. साबण त्या स्वतः वापरत नव्हत्याच. न्हायला रिठे आणत.

दुसऱ्या हिवाळ्यात उंदीर पुन्हा पडले. या वेळी लोक शहाणे झाले होते, लवकर माळावर गेले. जगदेवरावांना झोपडीसाठी कुणी शेजारी जागा दिली नाही. दोघं घरातच राहिली. उमाबाईंच्या काखेत गाठ आली. तापात त्या बडबडल्या नाहीत. शुद्धीवर होत्या तेव्हा एकदा त्यांनी जगदेवरावांचा हात धरला.

"मला त्यानं न्हाऊ घालू नका."

"असं काय बोलतेस..."

"घालू नका."

त्या गेल्या तेव्हा गल्लीत उघडं दार नव्हतं. सवाष्णीला न्हाऊ घालायला बायका लागतात, ओटी भरायला लागतात. जगदेवराव रस्त्यावर येऊन उभे राहिले. या अंगाला कुलपं, त्या अंगाला कुलपं. एक भिल्लीण मोळी घेऊन चालली होती. तिच्या हाती त्यांनी तुकारामाला निरोप दिला. आणखी कुणाला द्यायचा ते त्यांना सुचलं नाही.

थोड्या वेळानं कुसुमावती आली. एकटी, माळावरून चालत. मोळीवालीकडून तिला कळलं होतं.

"घरी सांगून आलीस?" जगदेवरावांनी विचारलं.

"नाही."

तिनं पदर खोचला. चुलीवर पाणी ठेवलं. तेवढ्यात तुकारामाचा माणूस सामान घेऊन आला. ते ओट्यावर टाकून तो लांब जाऊन उभा राहिला. कुसुमावती गाठोडं आत घेऊन आली. कोरं कापड, मडकं, सुतळी. आणि नेहमीप्रमाणे सामानात बांधून दिलेली साबणाची वडी. कोरी. कापराचा वास घरभर झाला.

कुसुमावतीनं ती वडी उचलली आणि जगदेवरावांकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. त्यांनी वडी तिच्या हातातून घेतली आणि बाहेर परसात, थंड कढईत टाकून दिली. परत येऊन फडताळातला रिठ्यांचा डबा काढला. बत्त्यानं रिठे फोडले. बिया वेगळ्या केल्या. कोमट पाण्यात टरफलं चुरत बसले. फेस लवकर येईना. कुसुमावती थांबली होती. तिनं घाई केली नाही.

मग ते दाराआड गेले. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. तो थांबल्यावर तिनं हाक मारली. उमाबाईंना हिरवं लुगडं नेसवलं होतं. कुसुमावतीनं कोनाड्यातला करंडा उघडला, उजव्या हाताच्या बोटानं आधी हळद लावली, मग कुंकू. नीट, गोल, घरी बोलावलेल्या बाईला लावतात तसं. मग तांदळानं ओटी भरली.

त्या वर्षात उमाबाईंना लागलेलं ते पहिलं हळदीकुंकू होतं.

कुसुमावती हात धुऊन माळाकडे निघाली. उंबऱ्याशी थांबून ती म्हणाली, "काका, माझी वडी मी ठेवली नव्हती हो आणून तुमच्या ओट्यावर."

जगदेवरावांनी मान हलवली. मग ते खाली बसले आणि सांडलेल्या रिठ्याच्या बिया एक एक करून वेचू लागले.